सातपूरची भागूबाई

तिचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं. तिच्या पांढऱ्या अंगावर ते हिरव्या अक्षरांत मोठं थोरलं लिहिलेलंही होतं. पण सातपूरच्या मंडईत ते नाव कोणी कधी उच्चारलं नाही. ती आली आणि आठवड्याच्या आत तिचं बारसंही होऊन गेलं.

ती म्हणजे एक बुटकी बस. दहा-बारा माणसं बसतील एवढीच. विजेवर चालायची आणि तिला ड्रायव्हर नव्हता. एका नव्या कंपनीनं चाचणीसाठी ती आणली होती. कारखान्यांच्या आतल्या रस्त्यांवरून कामगारांना गोळा करत ती मंडईपर्यंत यायची आणि वळसा घालून परत जायची. आवाज म्हणाल तर नुसती पंख्यासारखी घरघर. ड्रायव्हरच्या जागी काचेमागं ना स्टिअरिंग, ना ब्रेक. ते पाहून बायका पदर तोंडाला लावायच्या आणि म्हातारे नमस्कार करायचे. मंडईत ज्याला त्याला बोलायला विषयच झाला. कोणी म्हणे, पावसात हिला हात लावला की शॉक बसणार. कोणी म्हणे, हिच्याखाली माणूस आलं तर पोलीस धरणार कोणाला? आणि ज्यांची पोरं नुकती ड्रायव्हिंग शिकली होती ते काहीच म्हणत नव्हते, नुसते बघत होते.

पहिल्या दिवशी तिची रीतसर पूजा झाली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कुणीतरी मोठ्या हौसेनं तिच्या कपाळावर लिंबू-मिरची बांधली. झालं! गाडी जागची हलेना. सगळे गोंधळले. कोणी नारळ नासका निघाला का ते तपासलं. शेवटी कंपनीची चैताली नावाची इंजिनिअर मुलगी धावत आली. तिनं बघितलं तर ती मिरची गाडीच्या डोळ्यासमोर लोंबत होती आणि गाडीला वाटत होतं, पुढं कोणीतरी उभं आहे. चैतालीनं हात जोडून सगळ्यांची माफी मागितली, लिंबू-मिरची सोडून मागच्या बाजूला बांधली आणि गाडी निघाली.

पण त्या दिवशीच तिचा स्वभाव लोकांना कळून चुकला. कुत्रं आडवं गेलं, ती थांबली. वाऱ्यावर कॅरीबॅग उडत आली, ती थांबली. एक गाय रस्त्याच्या मधोमध उभी राहून कोबीचा पाला चघळत होती, तर ही तिच्यापुढं अशी उभी की जणू गायीचं झाल्याशिवाय निघायचंच नाही. मागं रिक्षात सोमनाथ होता. हा मंडईच्या स्टँडवरचा सगळ्यात तोंडाळ गडी. हॉर्न दाबून दाबून त्याचा अंगठा दुखायला लागला तेव्हा तो रिक्षातून अर्धा बाहेर झुकून ओरडला, "अरे ही कसली गाडी? ही तर भित्री भागूबाई!"

सगळी मंडई हसली. तेव्हापासून ती भागूबाई.

हसणाऱ्यांत मालनबाईही होत्या. साठीला टेकलेल्या, अंगानं सडपातळ. गोवर्धन शिवारात त्यांचा मळा होता. मेथी, शेपू, कोथिंबीर आणि बांधाला चार ओळी शेवंती. रोज सकाळी त्यांचा मुलगा संतोष मोटारसायकलवर त्यांना आणि भाजीच्या गाठोड्यांना घेऊन यायचा आणि कारखान्याच्या बाजूला उतरवून, तसाच पुढं आपल्या कंपनीच्या गेटकडं पळायचा. त्याला हजेरीची घाई. मंडई पडली रस्त्याच्या पलीकडं. म्हणून मालनबाईंना तीन फेऱ्या कराव्या लागायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गाठोडं, एक हात वर धरलेला आणि दुसरा हात येणाऱ्या गाड्यांकडं पसरलेला.

त्या हाताला कोणी थांबायचं नाही. शिफ्टची वेळ म्हणजे सगळे सुटलेले असायचे. मोटारसायकली, पिकअप, कंपन्यांच्या बस, लोखंडाच्या पट्ट्या लादलेले ट्रक. मालनबाई कडेला उभ्या राहून फट शोधायच्या, देवाचं नाव घेऊन पळायच्या, मधे दचकून थबकायच्या, शिव्या खायच्या आणि पलीकडं पोचल्यावर गाठोडं उतरवून क्षणभर नुसतं श्वास घेत उभ्या राहायच्या. मग परत दुसऱ्या गाठोड्यासाठी.

याच रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याला, पुंजाला, एका पिकअपनं उडवलं होतं. तो जगला, पण उजवा पाय गुडघ्यापासून वाकडा जुळला. पिकअप थांबलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून पुंजानं मंडईचं तोंड पाहिलं नाही. मळ्यात बसून जुड्या बांधायचा, पाणी मारायचा आणि बायको घरी येईपर्यंत ओट्यावरून वाटेकडं बघत राहायचा.

तर अशाच एका सकाळी मालनबाई शेपूचं गाठोडं घेऊन कडेला उभ्या होत्या. उजवीकडून भागूबाई आली. त्यांनी अजून पाऊलही टाकलं नव्हतं, सवयीनं हात तेवढा पुढं केला होता. आणि गाडी थांबली. चांगली लांबवर, अदबीनं. मालनबाईंना वाटलं, हिच्यात काहीतरी बिघाड झाला. त्या थांबल्या. गाडीही थांबली. त्यांनी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला होता आणि ही गाडी त्या कल्लोळाला पाठ देऊन, एका भाजीवालीसाठी उभी होती.

मालनबाईंनी रस्ता ओलांडला. पळत नव्हे, चालत. पलीकडं पोचल्यावर त्या वळल्या, तेव्हा गाडी हलली. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "बाई बाई, काय गुणाची गं!"

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी पुंजाला सांगितलं.

"थांबली म्हंजे? बंद पडली आसंल," पुंजा जुडीला सुतळी आवळत म्हणाला.

"बंद नाय हो. मला पाहून थांबली."

"डायवर नाय ना तिला? मंग पाहिलं कोणी?"

पुंजानं मान हलवली. "ह्या रस्त्याला माणसासाठी कोणी थांबत नाय. एखांद्या दिशी तुलाबी कळंल," असं म्हणून त्यानं पुढची जुडी ओढली. त्या पायामुळं त्याचा कशावर विश्वासच राहिला नव्हता.

पण ती रोज थांबायला लागली. मालनबाईंनी मग आपल्या फेऱ्या तिच्या येण्यावर बसवल्या. ती वळणावर दिसली की गाठोडं उचलायचं. हळूहळू त्यांना दिसलं की हे गुपित आपल्यालाच कळलंय असं नाही. शाळेत पोरांना सोडायला जाणाऱ्या बाया, काठीवाले म्हातारे, डोळ्यानं अधू असलेला एक कुरडया-पापडवाला, सगळे कडेला गोळा होऊन भागूबाईची वाट बघायचे आणि ती थांबली की तिच्या पुढून निघायचे, एखाद्या दिंडीदरवाजातून निघावं तसे.

गाडीत काचेमागच्या कोपऱ्यात एक माणूस बसलेला असायचा. भिमाजी त्याचं नाव. राहणार पिंपळगाव बसवंत. पूर्वी द्राक्षांच्या गाड्या घेऊन मुंबईला पळायचा. आता त्याच्या हाताशी एक लाल बटण होतं आणि काही बिनसलंच तर ते दाबायचं, एवढंच त्याचं काम. ते दाबायची पाळी सहसा यायची नाही. तरी त्याचा उजवा पाय खाली मोकळ्या फरशीवर ब्रेक दाबत राहायचा. जुनी सवय.

वळशावर गाडी थोडी उभी राहायची. एकदा तो उतरून मालनबाईंकडं मेथी घ्यायला आला.

"काय भाऊ, तुम्ही थांबवता का तिला?" मालनबाईंनी विचारलं.

"मी कुठला थांबवतोय, ताई? मी नुसता बसतो. गावात इचारत्यात, भिमाजी सध्या काय करतो? काय सांगू, बसतो!" तो हसला. मग जुडी उलटसुलट करत म्हणाला, "एक सांगू का? मी लय गाडी हाणली. माणूस मधी आला की मला वाटायचं, हा माझ्या वाटंत आला. आन तिथून पुढं डोकं तापायचं. हिचं तसं नाय. हिला राग येतच नाय बघा. शंभर जण आडवे जाऊ द्या, शंभराव्यासाठी पहिल्यासारखीच थांबती. पहिल्यांदा मला लाज वाटायची हिच्यात बसायची. आता तिच्याकडं बघतो आन गप बसतो."

सोमनाथला मात्र ती डोळ्यासमोर नको असायची. "मावशी, तुमच्या लाडक्या भागूबाईनं आमची वाट लावली," तो मालनबाईंना म्हणायचा. "कामगार सगळे तिच्यात बसाया लागले. उद्या अशा पन्नास आणतील. मंग मी काय करायचं? बिगर ड्रायव्हरची रिक्षा म्हणून घरी बसायचं?"

यावर मालनबाईंना हसू यायचं नाही. त्याचं खोटं नव्हतं. त्या त्याला कोथिंबिरीची काडी जास्त द्यायच्या.

दिवाळीनंतर एक दिवस गोष्ट बिघडली.

मालनबाई नेहमीसारख्या कडेला उभ्या होत्या. भागूबाई वळणावर दिसली. त्यांनी मेथीचं गाठोडं डोक्यावर घेतलं, हात पुढं केला आणि निश्चिंत मनानं पाऊल टाकलं. गाडी जवळ आली, हळू झाली, पण थांबली नाही. पुढं पुढं सरकतच राहिली आणि वर तिनं एक बारीक हॉर्नही दिला. मालनबाई रस्त्याच्या मधे थबकल्या. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मालनबाई मागं सरकल्या, तशी ती लगेच निघाली आणि शेजारून गेली.

लागलं काहीच नव्हतं. रोज या रस्त्यावर याहून वाईट घडायचं. पण ओळखीच्या माणसानं रस्त्यात तोंड फिरवून जावं तसं त्यांना झालं. पलीकडं पोचल्यावर दुसरं गाठोडं आणायला त्या गेल्याच नाहीत. तशाच तरातरा वळशावर गेल्या आणि उभ्या असलेल्या गाडीच्या तोंडासमोर जाऊन तिला बोलायला लागल्या.

"काय गं? काय झालं तुला? दोन दिस झाले नाय तर तुलाबी शिंगं फुटली का?"

आजूबाजूचे हसायला लागले. भिमाजी खाली उतरला. तोही ओशाळला होता.

"तिच्यावर नका रागावू, ताई. कालपासून हुकूम बदललाय. तिला म्हणं जरा धीट केलीया."

"कोणी केली?"

भिमाजीनं मंडईच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीकडं बोट केलं. तिथं कंपनीची चार्जिंगची जागा होती आणि चैताली तिथंच बसायची.

चैताली चांदवडची. लहानसर चणीची, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मालनबाई दारात उभ्या राहिलेल्या पाहून तिनं खुर्ची पुढं केली. मालनबाई बसल्या नाहीत.

"पोरी, तू माझ्या गाडीचं काय केलं?"

"तुमच्या गाडीचं?" चैतालीनं डोळे मोठे केले, पण आवाज मऊच ठेवला. "मावशी, आधी बसा तरी."

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मी सांगते तुम्हाला. आमच्याकडं खूप तक्रारी आल्या. कामगार म्हणतात, ही सारखी थांबते, आमची हजेरी चुकते. रिक्षावाले म्हणतात, रस्ता तुंबतो. कॉलेजची मुलं तिच्यापुढं नाचून व्हिडिओ काढतात, त्यांना ठाऊक आहे ती थांबणारच. सगळीकडून एकच, एवढी भित्री गाडी काय कामाची! म्हणून वरून सांगण्यात आलं, थोडी धीट करा."

"आन आमचं?"

"तुमचं काय?"

"आम्हाला ती लय आवडती. त्या पोरांच्या आया, ते काठीवाले, तो पापडवाला. सगळ्यांस्नी. आमचं कोणी इचारलं?"

चैतालीनं टेबलावरचा मोबाईल उचलून दाखवला. मग म्हणाली, "आम्ही विचारलं ते गाडीत बसणाऱ्यांना. मोबाईलवर प्रश्न येतात ना, त्यावर. तुम्ही तर गाडीत कधी बसलाच नाही."

"म्या कशाला बसू? मला कुठं जायचंय? मला नुसतं पलीकडं जायचं असतं."

चैतालीनं पाण्याची बाटली पुढं केली. "पण मावशी, कामगारांचंही खोटं नाही हो. तुमचा मुलगा असेल कुठं कामाला. त्याची हजेरी रोज चुकली तर?"

मालनबाईंच्या डोळ्यासमोर संतोष आला, त्यांना उतरवताना गाडी बंदसुद्धा न करणारा. त्यांचा आवाज खाली आला. "ते बी खरंच हाय," त्या म्हणाल्या. "मला तुझ्यासारखं बोलता यायचं नाय, पोरी. तू आसं कर. उद्या सकाळी तिथं येऊन माझ्यासंगं उभी राहा. मंग काय करायचं ते कर."

चैताली येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संतोषनं त्यांना उतरवलं, तेव्हा ती कडेला उभी होती, पायात बूट, अंगात स्वेटर, हात खिशात. थंडीनं नाक लाल झालं होतं. मालनबाईंनी शेपूचं लहान गाठोडं तिच्या कवेत दिलं आणि मोठं आपल्या डोक्यावर घेतलं.

शिफ्टची वेळ होती. गाड्यांची रांग सुटली होती. चैताली दोनदा पुढं झाली आणि दोनदा मागं आली. "एवढं असतं का रोज?" ती म्हणाली. एक ट्रक इतक्या जवळून गेला की शेपूच्या काड्या हलल्या. शेवटी एक फट सापडली. मालनबाई म्हणाल्या, "चल!" आणि दोघी निघाल्या.

अर्ध्यात पोचल्या आणि भागूबाई आली. हळू झाली. पुढं पुढं सरकत राहिली. बारीक हॉर्न वाजला. चैतालीनं मालनबाईंचा दंड गच्च पकडला आणि चटकन एक पाऊल मागं घेतलं. गाडी त्यांच्यापुढं येऊन थांबली होती आणि आत भिमाजी तोंडाचा आ करून आपल्या मॅडमकडं बघत होता.

पलीकडं पोचल्यावर चैतालीनं मागं वळून गाडीकडं पाहिलं. मग गाठोडं खाली ठेवत म्हणाली, "ती थांबलीच असती, मावशी. शंभर टक्के थांबली असती. मला माहीत आहे ना. मीच तर बसवलंय ते."

"व्हय. मंग तू मागं का सरकली?"

मालनबाईंनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. चैतालीनं आपल्या हाताकडं पाहिलं. हाताला शेपूचा वास लागला होता.

"घाबरले," ती म्हणाली. "मला कळलंच नाही ती थांबणार आहे का. ती थांबते, पण ते मला शेवटपर्यंत कळत नाही." मग जरा थांबून, जणू स्वतःलाच समजावत, "आधी लांबून थांबायची. तेव्हा कळायचं."

"तेच तर म्या सांगत होते," मालनबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या गाठोड्यासाठी वळल्या. चैताली त्यांच्या मागं निघाली. तिन्ही फेऱ्या तिनं केल्या. नंतर मंडईत गोणपाटावर बसून तिनं चहा घेतला, कडेच्या बायकांशी बोलली, पापडवाल्याशी बोलली. सोमनाथशीही बोलली आणि त्यानं तिला जे सुनावलं तेही खाली मान घालून ऐकलं.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. गाडी तशीच धीटपणे सरकत राहिली आणि मालनबाई परत पूर्वीसारख्या पळत रस्ता ओलांडायला लागल्या. मोठ्या लोकांचं असंच असतं, येतात, चहा पितात, जातात, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग एका सकाळी त्यांनी हात पुढं केला आणि भागूबाई लांबवर थांबली. पूर्वीपेक्षाही लांब. आणि थांबल्यावर तिच्या कपाळावर एक हिरवा दिवा लागला, जणू म्हणत होती, जा बाई, सावकाश जा.

दुपारी चैताली मंडईत आली. गेले कितीतरी दिवस ती वरच्या साहेबांशी भांडत होती, हे भिमाजीनं आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिनं फक्त एवढंच सांगितलं की मंडईपुढं आणि शाळेपुढं गाडी आता लांबूनच थांबणार. आतल्या मोकळ्या रस्त्यांवर मात्र तिला थोडं पळू दिलंय, म्हणजे कामगारांचा वेळ तिथं भरून निघेल. "आणि तो दिवा तुमच्यासाठी," ती म्हणाली. "ती थांबलीय हे नुसतं मला कळून काय उपयोग? समोरच्याला कळायला पाहिजे."

मालनबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली. शेवंतीची एक अख्खी पाटी तिच्या खोलीवर पोचती केली.

त्यानंतर मंडईचं बोलणं बदललं. एकदम नाही, हळूहळू. 'भागूबाई' म्हणताना आता कोणी तोंड वाकडं करत नव्हतं. कॉलेजच्या पोरांनी पुढं नाच सुरू केला की बायकाच त्यांना हुसकून लावायच्या. सोमनाथ अजूनही तिला नावं ठेवायचा, पण एकदा मालनबाईंनी पाहिलं, त्याची म्हातारी आई विठाबाई कडेला उभी आहे आणि हा तिला म्हणतोय, "थांब ना जरा, ती येऊ दे मंग जा." मालनबाईंशी नजर मिळाल्यावर तो खजील झाला. "आईला लवकर जायचं होतं देवळात," तो पुटपुटला. "मला नाय आवडत ती. पण आईचं वेगळं हाय."

घरी हे सगळं पुंजाच्या कानावर जातच होतं. तो ऐकून घ्यायचा आणि सुतळी आवळायचा. मग एका रविवारी, संतोषला सुट्टी असताना, तो एकाएकी म्हणाला, "मला घेऊन चल."

"कुठं?" संतोषनं विचारलं.

"सातपूरला. तुझी आई रोज सांगती ते एकदा बघू तरी."

मालनबाईंनी त्याचं धुतलेलं धोतर काढून दिलं. संतोषनं त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि मालनबाई गावातल्या भाजीच्या टेम्पोतून पोचल्या; गाठोडी टेम्पोवाला मंडईत उतरवणार होता. कारखान्याच्या बाजूला पुंजा काठी टेकवून उभा राहिला. रविवार असला तरी रस्ता वाहत होता. तो डांबराकडं बघत होता. मालनबाईंना त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण काठीवरची बोटं पांढरी पडलेली दिसत होती.

"नको वाटत आसलं तर जाऊ माघारी," त्या हळूच म्हणाल्या.

"थांब की."

वळणावर भागूबाई दिसली. मालनबाईंनी नेहमीसारखा हात पुढं केला. मग काय मनात आलं, त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही करा."

पुंजानं डावा हात उचलला. पुरता उचललाही नव्हता. गाडी थांबली, लांबवर. हिरवा दिवा लागला. काचेमागून भिमाजीनं दोन्ही हात जोडले.

पुंजा उतरला रस्त्यावर. आधी काठी, मग चांगला पाय, मग वाकडा पाय ओढत. मालनबाई एक पाऊल मागं राहिल्या. मधोमध गेल्यावर त्याच्या वाकड्या पायातली चप्पल निसटली. तो थांबला. वाकायचा प्रयत्न करायला लागला. मागं गाड्या साचल्या होत्या, हॉर्न सुरू झाले होते आणि दोन मोटारसायकलवाले भागूबाईच्या बाजूनं पुढं घुसायला बघत होते.

तेवढ्यात मागून सोमनाथची रिक्षा बाजूला आली आणि आडवी उभी राहिली. मोटारसायकलींची वाट बंद. सोमनाथ खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून गरजला, "दिसत नाय का रे? म्हातारं माणूस चप्पल घालतंय! ही गाडी येडी म्हणून थांबली का?"

हॉर्न बंद झाले. पुंजानं सावकाश चप्पल पायात घातली. कुणाकडंही न बघता, धोतर सावरून, तो निघाला आणि पलीकडं पोचला. मालनबाई त्याच्या मागोमाग पोचल्या. भागूबाईचा दिवा विझला आणि ती आपल्या वाटेनं गेली.

मालनबाईंनी त्याला गोणपाटावर बसवलं. चहा मागवला. पुंजा तो बशीत ओतून प्यायला, त्यानं तोंड पुसलं. बायका येऊन बोलून गेल्या, पापडवाला खांद्याला हात लावून गेला. तो रस्त्याकडंच बघत होता. वळणावर पुन्हा पांढरं काही दिसलं तसा तो काठीवर जोर देऊन उठला.

"आता कुठं?" मालनबाई म्हणाल्या. "भाजी मांडायची हाय अजून."

"मांडशील गं," पुंजा म्हणाला. "चल, आधी पुन्हा एकदा पलीकडं जाऊन येऊ."